तीन ताटांचा रविवार

रविवारी सकाळी रेचलने मलिद्याचं ताट मांडलं, दोन पावलं मागे सरून पाहिलं आणि तिचं समाधान झालं. भिजवलेल्या पोह्यांत गूळ, ओलं खोबरं, वेलची, मनुका. मधोमध ढीग, भोवतीने केळी, चिकू, खजूर, आणि वर सब्जाची हिरवीगार डहाळी. मलिदा ज्याच्या नावाने करायचा त्या एलियाहू हन्नाबी प्रेषिताने स्वतः येऊन पाहिलं असतं तरी नाव ठेवायला जागा नव्हती. उद्या तिचा नथानियल पुण्याला रणजीच्या शिबिराला निघणार होता. दोन मोसम महाराष्ट्राच्या संघासाठी त्याला कुणी विचारलं नव्हतं. ‘पुन्हा बोलावणं येऊ दे, मलिदा करीन,’ असं रेचल गणपतीच्या आधी मनात बोलली होती, आणि दसरा झाला तशी पुण्याहून फोन आला. अशा वेळी नवस अंगावर ठेवायचा नसतो. तिने त्याच दिवशी नवऱ्याला सांगितलं, “अहो, येत्या रविवारी मलिदा करू या,” आणि जेकब म्हणाला, “हो.”

जेकब निडीकर माणूस मोठा गोड. आयुष्यात त्याने कुणाला ‘नाही’ म्हटलं नव्हतं, आणि त्यामुळे निम्म्या रोह्याची कामं अडून राहिली होती. बायकोला हो म्हणाला त्याच आठवड्यात तो सुनेलाही हो म्हणाला आणि पेणहून फोन करणाऱ्या मोठ्या बहिणीलाही. तिघी मलिद्याबद्दलच बोलत होत्या, तिघींना रविवारच हवा होता. जेकबने हिशोब केला, मलिदा तो मलिदा, एकात सगळं उरकेल. तिघींपैकी एकीलाही त्याने दुसरीचं सांगितलं नाही. उगाच कशाला वाद!

तर त्या रविवारी साडेनऊच्या सुमारास रूथ रिक्षातून उतरली, आणि तिच्या मांडीवर रुमालाने झाकलेलं ताट होतं.

“हे काय गो?” रेचल म्हणाली. नथानियल आणि रूथ धाटावला कंपनीच्या क्वार्टर्समध्ये राहत. तिथून पोहे भिजवून आणायचं काही कारण नव्हतं.

“मलिदा आहे, आई. बाबा म्हणाले ना रविवारी करू या म्हणून? इस्रायलला निघायच्या आधीचा.”

“इस्रायलला कोण निघतंय?”

रूथने ताट टेबलावर ठेवलं. टेबलावर एक ताट आधीच होतं. तिने एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा सासूकडे.

“तिकडे कायमचं राहायला जायच्या कागदांसाठी उद्या आम्हाला मुंबईच्या ऑफिसात बोलावलंय,” ती म्हणाली. “दोघांना. नवरा-बायको दोघं समोर बसल्याशिवाय ते कागद पुढे सरकवत नाहीत. नथू तुम्हाला बोलला नाही?”

“नथू उद्या पुण्याला जातोय. शिबिराला.”

“नाही आई. उद्या मुंबईला.”

“मला तो हो म्हणाला.”

“मला पण,” रूथ म्हणाली.

सासू-सुनेचं भांडण व्हावं अशी ही जागा होती, पण भांडायला निदान कोण खरं आणि कोण खोटं ते तरी कळायला हवं. इथे दोघी खऱ्या होत्या. रेचलला पटकन बसावंसं वाटलं आणि ती बसली. रूथ उभीच राहिली. तिच्या मनात आलं, हेच होणार होतं, मला ठाऊक होतं. तिची आई इस्रायलात अश्दोदला, दोन्ही भाऊ अश्दोदला, पनवेलचं घर विकून सगळे गेले त्याला आता चार वर्षं झाली. सणावाराला माहेर म्हणून जायचं तर फोनवर जायचं. आणि नवरा दर मोसमाला म्हणणार, एवढा एक मोसम जाऊ दे. या वेळी तो सरळ हो म्हणाला तेव्हा ती इतकी खूश झाली की त्याचा हो म्हणजे काय असतो हेच विसरली. लग्नाला नऊ वर्षं झाल्यावर बाईने असं विसरू नये.

“अहो!” रेचलने अंगणात हाक मारली. “जरा इकडं या.”

जेकब दारात आला, टेबलावर दोन ताटं पाहिली, आणि डोक्यावरची टोपी सारखी करत म्हणाला, “हां हां. होईल होईल.”

“काय होईल?”

तेवढ्यात बाहेर काळुरामची मिनिडोअर येऊन थांबली आणि तिच्या आवाजात कुणाचंच काही ऐकू येईना.

काळुराम हा नथानियलचा लहानपणापासूनचा दोस्त. एके काळी निडीच्या शेतांत भातकापणी झाली की दोघं मिळून खेळत. नथानियल धावत यायचा, काळुराम यष्टीमागे उभा राहून नुसत्या हातांनी चेंडू अडवायचा. आता तो पेण-रोहा मिनिडोअर चालवत होता आणि आज सकाळपासून निडीकरांच्या मलिद्यासाठी माणसं गोळा करत होता. मलिद्याच्या प्रार्थनेला दहा पुरुष लागतात. पूर्वी एका निडीतून वीस उठले असते. आता पेणच्या मशिदीतून (कोकणातले ज्यू आपल्या प्रार्थनाघराला मशीदच म्हणतात) प्रार्थना चालवणारे हज्जान आणि तिघे, नागोठण्याहून तिघे, रोह्यातला एक म्हातारा, जेकब, असे करत काळुरामने नऊ भरले होते. दहावा नथानियल, त्यामुळे त्याला आज पळूनही जाता येणार नव्हतं.

मिनिडोअरमधून पहिली उतरली ती मलका आत्या. जेकबची ही मोठी बहीण, पेणची. उतरली ती दोन्ही हातांत ताट घेऊन, आणि काळुराम मागून ओरडला, “मलकाबाय, पायाखाली बघा! नायतर मलिदा हितंच होल!”

तिसरं ताट टेबलावर आलं. टेबल तसं लहान होतं, पाण्याचा तांब्या उचलून खिडकीत ठेवावा लागला.

“बाय,” जेकब बहिणीला म्हणाला, “तू कशाला त्रास घेतलास?”

“माझा नवस, मी नाय घेणार त तू घेणार?” मलका आत्या घाम पुसत बसली. “पाच वर्षं राहिला. मला वाटायचं तुम्ही केलात. लेकाचा नवस, लेकाच्या घरी करायचा, ही आपली रीत. परवा पेणच्या लग्नात रेचल मला विचारते, वन्स, तुमच्या मलिद्याला आम्हाला बोलावलंत नाय ते! मी म्हटलं, कुठला मलिदा गो?”

“नवस बोलणाऱ्याने आपल्या घरी करायचा असतो, वन्स,” रेचल म्हणाली. “आमच्या माहेरी तसंच. म्हणून आम्ही वाट बघत राहिलो.”

“आणि मी तुमची! म्हणजे कुणीच केला नाय. नथू इंडियाकडून खेळला की मलिदा, असं मी बोलले होते. खेळला. आणि आपण काय केलं? दोन्ही घरांनी देवाला पाच वर्षं ताटकळत ठेवलं. मग दोनच मॅच मिळाल्या तर पोराचा काय दोष?”

पेणचे तिघे, नागोठण्याचे तिघे, सगळ्यांना ते एकदम पटल्यासारखं दिसलं. पाच वर्षं रेचल नाही नाही ती कारणं शोधत होती. निवड करणारे, कप्तान, कंपनीने न दिलेली रजा, कोलंबोच्या सामन्यातला पाऊस. आणि कारण घरातच असावं! लगेच तिला वाटलं, छे, असं कसं होईल. मग पुन्हा वाटलं, पण असलं तर?

“नथू कुठाय?” मलका आत्याने विचारलं.

नथानियल मागच्या दारी विहिरीच्या कठड्यावर बसला होता. उंच, खांद्याने थोडा उजवीकडे झुकलेला माणूस. बाजारातून आणलेली गुलाबाची फुलं त्याच्या शेजारी पुडीत होती आणि ती आत न्यायची त्याला हिंमत होत नव्हती, कारण खिडकीतून सगळं ऐकू येत होतं.

काळुराम येऊन पाण्याने तोंड धुऊ लागला.

“नथ्या, आत तीन ताटं हायत,” तो म्हणाला. “एक पुण्याचं, एक मुंबईचं, एक तुझ्या कोलंबोचं. उद्या नक्की कुठं जातोस? म्हंजे गाडी तयार ठेवाला बरी.”

“माहीत नाय.”

“तुला माहीत नाय?”

“तू म्हणतोस तिथं जातो.”

“मी कशाला म्हणू?” काळुराम खराच गोंधळला. “मी यष्टीमागचा माणूस. तू टाकशील ते धरायचा.”

नथानियल हसला, पण हसू फार टिकलं नाही. त्याची कहाणी तशी पेण-रोह्यात सगळ्यांना पाठ होती. शेतातून पेणच्या मैदानावर, तिथून जिल्ह्याच्या संघात, मग रणजी. चेंडू बाहेर काढायची त्याची कला अशी, की भले भले फलंदाज बॅट पुढे घालून मागे वळून बघत राहत. आठ मोसम तो महाराष्ट्राकडून खेळला. त्यातल्या एका चांगल्या मोसमानंतर त्याला इंडियाच्या संघात घेतलं आणि कोलंबोला नेलं. पहिल्या सामन्यात एक विकेट. दुसऱ्यात दोन ओव्हर टाकल्या आणि पाऊस आला, तो थांबलाच नाही. त्या पावसाने त्याचं नुकसान केलं की त्याला वाचवलं हे त्याचं त्यालाही कधी कळलं नाही. दुसरी ओव्हर महाग गेली होती, पण तिसरीत चेंडू हवेत वळू लागला असता असं त्याला वाटायचं. कदाचित नसताही वळला.

पुढच्या दौऱ्याला त्याचं नाव नव्हतं. तुला काढलं, असं कुणी सांगितलं नाही. कुणी नाही म्हटलं असतं तर तो घरी येऊन रडला असता आणि मोकळा झाला असता. तो वाट बघत राहिला. मग खांदा दुखायला लागला, कप्तान विचारायचा, टाकशील ना रे, आणि हा म्हणायचा, हो. शेवटी रणजीतूनही नाव गेलं, तेही असंच, न सांगता.

आणि आता पुण्याहून फोन आला होता. बोलणारा माणूस फार अदबीने बोलला. शिबिरात नेटमध्ये बॉलिंग टाकायला अनुभवी माणूस हवाय, पोरांना चांगल्या बॉलिंगची सवय होईल, तुम्ही याल का, मार्चपर्यंत? संघात घ्यायला नव्हे. संघातल्या पोरांना सराव द्यायला. नथानियल हो म्हणाला. त्या दिवशी तो आईकडेच आला होता, फोन ठेवला तर दारात आई. “पुण्याहून ना? बोलावलं ना?” आणि तो आईलाही हो म्हणाला. त्यात खोटं काहीच नव्हतं, हीच तर अडचण.

“काळ्या,” तो म्हणाला, “तुला एक सांगू?”

पण तेवढ्यात जेकब मागच्या दाराशी आला. “नथू, चल. हज्जान बोलावतायत. दहा झाले.”

सॉलोमन हज्जान पेणच्या मशिदीत तीस वर्षं प्रार्थना चालवत आले होते. अंगाने किरकोळ, आवाज मात्र खोलीत न मावणारा. ते टेबलाच्या मागे उभे राहिले, पुस्तक हातात घेतलं आणि चष्म्यावरून तीन ताटांकडे पाहिलं.

“हे काय, बाजार भरलाय?” ते म्हणाले. “एका घरात एका वेळी एक ताट. कशाचा मलिदा आहे?”

“पुण्याच्या शिबिराचा,” रेचल म्हणाली.

“प्रवासाचा, इस्रायलच्या,” रूथ म्हणाली.

“कोलंबोचा,” मलका आत्या म्हणाली.

हज्जानांनी जेकबकडे पाहिलं. जेकब म्हणाला, “हो.”

नागोठण्याचा एकजण खुदकन हसला आणि मग खोकल्यासारखं केलं. हज्जान हसले नाहीत.

“जेकब, देव काही तुझा शेजारी नव्हे, सगळ्याला हो म्हणून वाटेला लावायला,” ते म्हणाले. “मलिदा ज्याच्यासाठी, त्याने आपल्या तोंडाने म्हणायचं असतं. नथानियल, तू सांग. कशासाठी उघडू पुस्तक?”

सगळे नथानियलकडे वळले. गुलाबांची पुडी अजून त्याच्या हातात होती. त्याने आईकडे पाहिलं, आईने मान हलवली, म्हण ना म्हणून. रूथने त्याच्याकडे पाहिलंच नाही. ती खिडकीतल्या तांब्याकडे बघत होती, आणि तिचे डोळे भरलेले त्याला दिसले. दोघींनाही बरं वाटेल असं काहीतरी म्हणायचं त्याच्या जिभेवर आलं. पण तसं वाक्यच नव्हतं. त्याने खूप शोधलं.

“मला खेळायला बोलावलेलं नाय,” तो म्हणाला.

“काय?” रेचल म्हणाली.

“नेटमध्ये बॉलिंग टाकायला बोलावलंय. सरावाला. संघात घेणार नाहीयेत, आई. आता कधीच नाय घेणार.”

जेकबने टोपी काढली आणि लगेच, प्रार्थनेत टोपी काढायची नसते हे आठवून, परत घातली.

“म्हणजे,” मलका आत्या हळूच म्हणाली, “त्या पोरांना बॉल टाकायचे? आणि ते मारणार?”

“मारतील. काही सोडतील.”

“इंडियाकडून खेळलेल्या माणसाला?” रेचलचा आवाज चढला. “नोकरासारखं? आणि तू हो म्हणालास? त्यापेक्षा जा इस्रायलला! रूथ, घेऊन जा गो याला. उद्याच जा. हितं कुणी याची किंमत ठेवली नाय, तिकडं तरी कुणाला ठाऊक नसेल हा कोण ते!”

सकाळपासून हीच बाई इस्रायलच्या ताटाकडे सावत्र नजरेने बघत होती. रूथला जे हवं होतं ते सासूनेच तिच्या पदरात टाकलं, सगळ्यांसमोर, आणि रूथला ते घेता येईना. तिला भयंकर राग आला, आणि तो नेमका कोणावर ते कळलं नाही. पुण्याच्या त्या अदबशीर माणसावर असावा.

“नथू,” तिने विचारलं, “तुला जायचंय का तिथे?”

“हो.”

“कोणाला बरं वाटावं म्हणून म्हणतोस?”

“नाय. मला बॉल टाकायचाय. कुणाला का होईना.”

या उत्तराने खोलीतल्या कुणालाच बरं वाटलेलं नव्हतं, म्हणून रूथचा त्याच्यावर विश्वास बसला.

“मग जा,” ती म्हणाली. “मी उद्या एकटी जाते मुंबईला. मार्चनंतरची तारीख मागते. देतील की नाही माहीत नाही. पण मार्चनंतर तू येणार आहेस का, ते मला आत्ता सांग. आणि नुसतं हो म्हणू नकोस.”

“येईन,” नथानियल म्हणाला.

रूथने मान हलवली. पटलं म्हणून हलवली की नाही पटलं म्हणून, ते तिला स्वतःलाही सांगता आलं नसतं. ‘येईन’ म्हणजे ‘हो’च्याच घरातलं.

हज्जानांनी चष्मा पुसला. “हे पाहा,” ते जरा मऊ आवाजात म्हणाले, “रूथ, तुझं ताट मार्चनंतर आण, मी येईन. रेचल, तुझ्या नवसाचं... ते झालं नाही. न झालेल्या गोष्टीचा मलिदा मला म्हणता येत नाही, बाई, रागावू नकोस. मलकाबाईंचं झालंय. आधी देवाने जे दिलं त्याचे आभार, बाकी सगळं मग. नथानियल, इथे ये. म्हण, कशासाठी?”

रेचलने आपलं ताट उचललं आणि स्वयंपाकघरात नेलं. रूथचं ताट तिच्यामागून सकाळपासून मदतीला आलेल्या हौसाने, काळुरामच्या बायकोने, नेलं. टेबलावर पेणचं ताट तेवढं राहिलं.

“मी इंडियाकडून खेळलो,” नथानियल म्हणाला, आणि सवयीने पुढे म्हणू लागला, “दोनच...”

“तेवढं पुरे,” हज्जान म्हणाले. “किती ते त्याला ठाऊक आहे.”

आणि त्यांनी आवाज लावला. एलियाहू हन्नाबीचं नाव खोलीत घुमलं, पुरुषांनी ओळ उचलली, मागून बायकांनी, आणि दारात चपला हातात धरून उभ्या असलेल्या काळुरामनेही, कारण इतक्या वर्षांत त्याला ते पाठ झालं होतं. जेकब रडू लागला. पाच वर्षांत या घराने त्या दोन सामन्यांचं दुःखच केलं होतं. आपला मुलगा देशाकडून खेळला याचा आनंद करायचा राहूनच गेला होता. हे त्याला आज कळलं, आणि इतकं साधं आपल्याला कळलं कसं नाही याचं त्याला नवल वाटलं. फळं वाटली गेली, सब्जाची पानं हातोहात फिरली, ज्याने त्याने वास घेऊन आशीर्वाद म्हटला. मलका आत्याने सुटल्यासारखा श्वास सोडला आणि एक केळं खाल्लं.

रेचल बाहेर आली नव्हती. नथानियल आत गेला तेव्हा ती ताटापुढे पाटावर बसली होती, आणि त्यातल्या मनुका एकेक करून एका बाजूला काढत होती. कशासाठी, ते तिलाही माहीत नसावं.

“हे हौसाकडे देऊन टाक,” ती म्हणाली. “नवसाचं नाय ते आता. नुसते पोहे.”

तो तिच्यासमोर जमिनीवर बसला.

“मघाशी रागात बोलले,” ती म्हणाली.

“माहीत हाय.”

“त्या नेटमध्ये तू कुणाला आऊट केलंस, तर ते धरतात का?”

“नाय गो. नेटमध्ये आऊट झालेला पण तिथंच उभा राहतो.”

“जात नाय?”

“नाय.”

“मग तू काय करायचं?”

“परत टाकायचा.”

रेचलला हे पटलं नाही. आऊट झालेल्या माणसाने तिथेच उभं राहायचं, असला कसला खेळ! पण तिने त्याच्या हातांकडे पाहिलं. बोलता बोलता तो ताटातला एक चिकू उचलून बोटांत फिरवत होता, दोन बोटं वर, अंगठा खाली, लहानपणी लिंबू, बटाटा, जे मिळेल ते फिरवायचा तसा. त्याचं त्याला भान नव्हतं.

“पुण्याला जा तू,” ती म्हणाली. “पण मार्चनंतर तिकडं नको जाऊस, नथू. इतक्या लांब. मघाशी रूथला म्हणालास ते ठीक, सगळे होते म्हणून म्हणालास. मी नंतर समजावीन तिला. मी आणि बाबा दोघंच उरतो रे. मला म्हण, नाय जात म्हणून. हो म्हण मला.”

दाराशी रूथ उभी होती. खिडकीतला तांब्या आत ठेवायला म्हणून ती आली होती आणि आता तिला पुढेही येता येईना, मागेही जाता येईना. नथानियलची पाठ तिच्याकडे होती. ती त्याच्या पाठीकडे बघत राहिली. तो आता काय म्हणणार ते तिला पाठ होतं, आणि तरी ती ऐकत उभी राहिली.

“नाय, आई,” नथानियल म्हणाला.

रेचलने वर पाहिलं.

“मार्चनंतर आम्ही जाणार,” तो म्हणाला. “मी तिला आणखी थांबवणार नाय. तुम्ही दोघं पण चला. नाय आलात तर मी येत जाईन. पण जाणार.”

या मुलाने बत्तीस वर्षांत आपल्याला कधी नाही म्हटल्याचं रेचलला आठवत नव्हतं. ती रडेल असं रूथला वाटलं, आणि रडलीही, पण थोडंच. मग पदराने नाक पुसून तिने ताट त्याच्याकडे सरकवलं.

“मग मार्चपर्यंत टाक बॉल,” ती म्हणाली. “आणि जोरात टाक.”